छाट

आयटीआयात आठवड्याला दोन पट्ट्या मिळतात,
सहा एमएमच्या, तळहाताएवढ्या.
मंगळवारी दुपारीच त्यांच्यावर जागा उरत नाही.
मग बिराजदार सर म्हणतात, रॉड न पेटवता हात फिरवा.
हवेत माझी ओळ सरळच येते.

म्हणून शनिवारी बोरामणी नाका.
मौलाली नदाफचं दुकान;
दुकान कसलं, बाभळीखाली एक वजनकाटा,
त्याचा एक पाय आखूड, खाली अर्धी वीट,
आणि मागे डोंगर:
पंख्यांच्या जाळ्या, यंत्रमागाच्या चौकटी,
शाळेच्या बाकांचे सांगाडे,
एक पाळणा.

"किती पायजे?"
पाच किलो. निवडून.
"निवडून बेचाळीस. डोळे झाकून चौतीस."
मी छत्तीस म्हटलं
आणि त्याने हो-ना म्हणायच्या आत वाकले.

सोलापुरात दोनच्या उन्हात लोखंड चावतं.
ओढणी हाताला गुंडाळून उचलायचं,
उचललेलं लगेच खाली टाकायचं,
टाकलेलं कसं वाजतं ते ऐकायचं.

हे ऐकणं फुकट नाही आलं.
पहिल्या खेपेला चकचकीत पाइप नेले होते, जस्ताचा मुलामा असलेले.
पांढरा धूर निघाला, तोंड गोड गोड झालं,
आणि रात्री, भर मे महिन्यात, मला हुडहुडी भरली.
अम्माने दोन चादरी घातल्या,
मलेरिया म्हणून शेजारच्या गुंडलाबाईंना उठवलं.
सर दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले,
चकाकतं ते आणायचं नाही.

दुसऱ्या खेपेला बीड.
जोड देखणा बसला. मी फोटोसुद्धा काढला.
गार होताना आतून टिच्च झालं,
गरम चहा ओतल्यावर ग्लास तडकतो तसं.

आता दगड घेऊन बसते.
बीड ठक्क म्हणतं आणि गप्प होतं.
साधं लोखंड थोडा वेळ बोलत राहतं.
बंद डब्याला हात लावायचा नाही, रिकामा म्हणाले तरी.
गाडीच्या पाट्याला तर नाहीच, ते कडक, ते रुसतं.
रंग चालतो, खरवडता येतो.
गंज चालतो.
गंजावर माझा राग नाही, तो निदान लपत नाही.

विडी घरकुलात आमच्या उंबऱ्यावर
अम्मा सुपात पानं घेऊन बसलेली असते.
तिचा फर्मा झिजलेला होता, पान कमी-जास्त कापलं जायचं,
हजारात चाळीस-पन्नास विड्या कारखान्यात छाट व्हायच्या.
छाटीचे पैसे नाहीत. छाट परतही मिळत नाही.
पंख्याच्या जुन्या पात्याचा मी तिला नवा फर्मा घासून दिला.
ती माझे जोड बघते, बोटाने, चष्मा न लावता:
"इथं धागा सैल पडलाय."
इथं म्हणजे जिथं मी श्वास घेतला होता.

एकाच पट्टीला मी जोडते, कापते, परत जोडते,
रेघेवर रेघ, शेजारी रेघ,
शेवटी मूळ लोखंड कुठलं ते कळेनासं होतं.
तीन महिन्यांनी गोणी बांधून परत नेली.

काटा पाच किलो चारशेवर थांबला.
मौलालीने वहीत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.
"पाच नेलतंस की. हे वरचं कुठलं?"
रॉडचं, चाचा.
"दगड-बिगड नाही ना घातलास?"
शिकले त्याचं आहे, म्हणावंसं वाटलं,
पण काट्यापुढे असलं बोलायची पद्धत नाही.

त्याने एक तुकडा उचलला, दुसऱ्यावर आपटला,
कान जवळ नेला.
बराच वेळ काही बोलला नाही.
मग वाकून ती अर्धी वीट काढली
आणि तो तुकडा काट्याच्या पायाखाली सरकवला.
थोडा ठोकून. बसला.

बाकीचे तीसने लावले, या एकाचे दिले नाहीत.
मी मागितले.
"पुढच्या वेळी निवडून चौतीस,"
म्हणाला, वही मिटत,
"आता घे तुझा दगड, आणि बस सावलीत."