निळं ताक

कागदावर नाव ‘गोदज-सात’.
टँकरवाले म्हणतात, निळं ताक.
अंबडला, जिथे पूर्वी पंपांचे सुटे भाग बनायचे
त्या शेडमध्ये आम्ही ते लावतो.
लावतो हाच शब्द. दही लावतात तसं.
गंगापूर धरणाचं पाणी, काळ्या दगडाची पूड,
जुन्यातलं पळीभर राखून नव्यात ढवळायचं,
झाकण घालायचं,
आणि सात रात्री तिथे कुणी मोठ्यानं बोलायचं नाही.

(हे शेवटचं कुठल्या पुस्तकात नाही.
गांगुर्डे मुकादम पाळायचे, म्हणून आम्ही.)

एक यान भरलं की त्याच विरजणातली एक बाटली
माझ्याकडे येते, नमुना-खोलीत.
क्रमांक, तारीख, यानाचं नाव, माझी सही.
तिकडे शनीच्या पल्याड टाकी जेवढी रिती होते
तेवढा इकडे फळीवर रंग उतरतो.
कसा, ते मला विचारू नका.
दूध कुणाला विचारून नासतं?

म्हणून मला आधी कळतं.
बोर्डाच्या आधी, बातम्यांच्या आधी,
घरी वाट बघणाऱ्यांच्या तर कितीतरी आधी.
सकाळी साडेनऊला कुलूप काढावं
तर एखादी बाटली पाण्यासारखी उभी.
मी वहीत लिहिते, ‘निरंक’.
त्या दिवशी डबा तसाच घरी जातो.

एकदा शिपायानं साधं पाणी समजून
तसली एक बाटली कुंडीत ओतली.
गवती चहा अजून आवरत नाही.

दोनशे बारा. यान ‘टिटवी’.
चालक कल्याणी बोरस्ते, राहणार कोठुरे, तालुका निफाड.
निघायच्या आदल्या दिवशी आली होती,
हातात अर्धा खाल्लेला पेरू.
‘यातली माझी कुठली?’
मी दाखवली, तर तिनं बाटली फिरवून
चिठ्ठी खिडकीकडे केली.
म्हटलं, बाई, हिला उजेड चालत नाही.
‘उजेड नको हो. नुसतं बाहेरचं दिसू दे.’

तिसऱ्या वर्षी आवाज गेला.
अकरा महिने थांबून बोर्डानं फाइल बांधली,
भावानं रकमेच्या पावतीवर सही केली.
बाटली मात्र रंगपट्टीच्या सातव्या घरात थांबली
ती थांबलीच. एकोणीस वर्षं.
इंजिनियर म्हणाले, टाकी गोठली असेल,
गोठलेलं जळत नाही, जळत नाही ते उतरत नाही.
बरोबर असेल त्यांचं.
मी दर सोमवारी पट्टी लावत राहिले.
सात. सात. सात.
वहीची पानं बघाल तर वाटेल
मुलीला आकडा गिरवायला बसवलंय.

या महिनाअखेर मी निवृत्त.
माझ्या जागी आलेला देवऱ्यांचा हर्षद
भला मुलगा आहे, फडकं मारता मारता विचारतो,
‘मॅडम, हा जुना माल टाकायचा ना?’
मी म्हटलं, आज सोमवार. आधी पट्टी आण.

लावली.
चष्मा पुसून परत लावली.
हर्षदला बघायला सांगितलं, न सांगता काय बघायचं ते.
तो म्हणाला, ‘सहा. सहाच्या जरा वर.’

मी खाली बसले.
तो काहीतरी बोलायला गेला,
मी ओठांवर बोट ठेवलं.

मग कोठुऱ्याला फोन लावला.
भाऊ बागेत होता, फवारणी चाललेली,
‘हॅलो? कोण? ऐकू येत नाही!’
मी हळूच म्हटलं,
दादा, आधी तो ब्लोअर बंद करा.