पाचव्या दिवसाचं पाणी

रात्री अडीचला सिस्टर म्हणाली, घरी जाऊन या मावशी,
इथं बसून त्यांचा श्वास तुम्ही थोडाच घेणार आहात.
खरंय. मी फक्त मोजत होते.
पंचवीस झाले की मनातल्या मनात दोरा बांधायचा,
पुढच्या कट्ट्याला हात घालायचा.
तीस वर्षं विड्या वळल्या, दुसरी माळ मला येत नाही.

आज आमच्या भागाला पाणी.
रिक्षावाला सिव्हिलच्या दारात झोपला होता.
भाडं सांगितलं नाही, पेशंट कोण ते विचारलं.
मालक, म्हटलं. टॉवेलच्या कारखान्यात जॉबर.
छातीत कापूस बसलाय म्हणतात डॉक्टर.
अशोक चौकापुढं, बंद मागांच्या शेडवरून
त्यानं गाडी हळू घेतली.
हॉर्न मात्र कुठंच वाजवला नाही.

गल्लीत सगळ्या जाग्या. घागरी, टिपाडं, पाइप.
शांतव्वानं माझी घागर आधीच नंबरात ठेवलेली.
नळ उघडा. नळातून नुसती हवा.
फुस्स... थांबते. पुन्हा फुस्स...
तिकडं वॉर्डात त्यांच्या नाकाशी लावलेल्या नळीचा
अगदी हाच आवाज.
पायातलं बळच गेलं. ओट्यावर बसले.

सासू म्हणायची, देवुडु उन्नाडु. देव आहे.
घरचा माग विकला तेव्हा म्हणाली,
थोरले दीर भिवंडीहून परत आलेच नाहीत तेव्हा म्हणाली.
मला राग यायचा.
आहे तर आहे, मग काय करायलाय तिथं बसून?
तिनं उत्तर दिलं नाही कधी. खळ ढवळत राहायची.

मार्कंडेयाची गोष्ट आम्ही शेवटाकडून सांगतो.
पिंड फुटली, महादेव बाहेर आला, यम पळाला,
पोरं टाळ्या वाजवतात.
त्यानं मिठी मारली तेव्हा ती नुसती शिळा होती.
गार. तेलकट. कुजक्या बेलाच्या वासाची.
गळ्यात फास पडला तरी शिळा शिळाच.
किती वेळ, ते कुणी सांगत नाही.
एक श्वास? पंचवीस? हजार?
मला आज तेवढंच विचारायचं होतं
सोळा वर्षांच्या त्या पोराला.
बाकी काही नको, बाळा, हात दुखले का रे तुझे?

देवा, मी नवस बोलले नाही.
बोलायला गेले की सौदा वाटतो,
आणि शंभरातल्या दहा विड्या छाट म्हणून
बाजूला काढणाऱ्यांशी सौदे करून झालेत माझे.
तू तरी छाट काढू नकोस.
भीती गेली नाही, खोटं कशाला बोलू.
पोटात आहे. गार, दगडासारखी.
तिलाच मिठी मारून बसलेय असं समज.

तीन वाजून गेले. शांतव्वा ओरडली,
अगं ऊठ की, यायलंय!
आधी गढूळ, गंजाचं. ते गटारीत सोडलं.
मग जरा बरं.
घागर भरली, दोन टिपाडं भरली,
आणि हात आपोआप त्या निळ्या बादलीकडं गेला,
कडी मोडलेली, त्यांच्या आंघोळीची,
नऊ दिवस मोरीत उपडी पडलेली.
शांतव्वानं बघितलं. पाइप माझ्याकडं सरकवला.
विसळली. काठोकाठ भरली.
धूळ पडू नये म्हणून वर ताट झाकलं.
पाच दिवस राहायला हवं.