एकतीस डिसेंबर, शुक्रवार

निकालपत्रात लिहिलंय, शिक्षेचा शेवट : कधीच नाही.
पण संगणकाला 'कधीच नाही' चालत नाही.
रकाना लाल होतो, टुंग वाजतं,
दिवस-महिना-वर्ष भरा म्हणतो.
म्हणून आम्ही, नुओरोच्या तुरुंगातले कारकून,
भरतो : ३१ डिसेंबर ९९९९.
त्यापुढे त्याला मोजता येत नाही.
एकवीस वर्षं हीच तारीख टंकतोय,
बोटांना आता आकडे बघावे लागत नाहीत.

नुंझिओ त्रिपेपी बूट शिवतो. पहारेकऱ्यांचेसुद्धा.
माझ्या डाव्या बुटाची टाच त्यानेच बसवलेली,
तिचे पैसे देणं नियमात बसत नाही.
परवा खिडकीशी आला, कागद पुढे सरकवला,
म्हणाला, साहेब, त्या दिवशी वार कोणता?
मी हसलो नाही. शोधून सांगितलं : शुक्रवार.
तो जरा विचारात पडला.
"शुक्रवारी ओल्बियाहून रात्रीची बोट असते ना अजून?"

सोडायचं कोणी, हे तसं कायद्यात आहे.
न्यायपीठ म्हणतं, आधी त्याने नावं सांगावीत.
तो म्हणतो, सांगितलीही असती,
पण त्यातलं एक नाव माझ्या बहिणीच्या घरी जेवतं.
मंत्रालय म्हणतं, पोलिसांचं मत घ्या.
पोलीस म्हणतात, मत जुनं आहे, पण तेच आहे.
असं हे घोंगडं. दर दोन वर्षांनी
मी ते पिळतो आणि परत भिजत घालतो.

मग फाइल जाते आस्सुन्ताबाईंकडे,
ज्यांचा नवरा बेकरीचं शटर ओढायला
खाली वाकला, तो वर आलाच नाही.
त्यांचं उत्तर दरवेळी हातानं लिहिलेलं :
"मला विचारू नका.
तो आत आहे म्हणून मला झोप लागते असं नाही.
बाहेर आला तर लागेल असंही नाही.
तुमचं काम माझ्या दारात आणून ठेवू नका."
आवक क्रमांक घालतो, शिक्का मारतो.
हरकत : आहे की नाही?
दोन्ही चौकोन रिकामे सोडतो.
टुंग.

मार्चमध्ये मी निवृत्त होतोय.
त्याला कुणीतरी सांगितलं असावं.
म्हणाला, उजवाही आणा.
एकच टाच नवी असली की माणूस कलत जातो.
काल नेऊन दिला.
त्याने उलटा करून अंगठ्याने दाबून पाहिला,
फळीवर ठेवला, म्हणाला,
शुक्रवारी घेऊन जा.
कुठल्या, ते मी विचारलं नाही.