जोडाक्षराचा दर

विद्यापीठातून यादी आली,
चौदा नावं, टंकलेली, खाली गोल शिक्का.
हरिपूर रस्त्याच्या संशोधन केंद्रात लावायचा फलक,
"आमचे मानकरी",
निळ्यावर पांढरं, वर्धापनदिनाच्या आत.

अक्षराला अठरा रुपये ठरले.
लेखापाल शिंगटे यांनी विचारलं,
जोडाक्षर एक धरायचं की दोन?
म्हटलं, साहेब, ब्रश दोनदा उचलावा लागतो,
क्ष ला तर तीनदा.
ते म्हणाले, वर्णमालेत क्ष एकच आहे.
खरं आहे. एकच धरला.
काना, मात्रा, रफार फुकट.

पहिलं नाव न्यायमूर्तींचं. मग एक कुलगुरू.
मग तासगावचे कमळाजी आवळे,
ज्यांच्यामुळं बेदाणा हिरवा राहतो म्हणतात.
एका नावात दोन ळ,
मनगट कसं मोकळं झालं.
सहाव्यापुढं लिहायचं होतं, सध्या : ह्यूस्टन.
ह्यू वर पुन्हा चर्चा झाली.

नवव्या नावाला हात थांबला.
डॉ. पद्मावती बिरनाळे, रसायनशास्त्र, १९८४.
"पेवातल्या हवेवर लिहिलं यांनी," मी म्हणालो.
शिंगटे चष्म्यावरून बघत राहिले.
पेंटरला हे ठाऊक असायचं कारण नव्हतं.

आमच्या घरामागं पेवं होती.
तोंड पाटीएवढं, खोली पंचवीस फूट,
पोटात कुणाकुणाची हळद.
झाकण काढलं की लगेच उतरायचं नाही,
आधी दोरीला बांधून कंदील सोडायचा.
जळत राहिला तर माणूस.
विझला तर उद्या.

ती यायची सायकलवरून,
काचेच्या नळ्या जेवणाच्या डब्यात,
फडक्यात गुंडाळलेल्या, बाळंतिणीच्या पोरासारख्या.
दोरी अब्बांच्या हातात.
दोरीला दर हाताला एक गाठ,
मी गाठी मोजायचो, ती वहीत मांडायची.
"चाचा, आता?"
"जळतोय."
"आता?"
"बारीक झाला, पोरी."
"आता?"
अब्बा बोलायचे नाहीत.
दोरी वर ओढायला लागायचे.

माझा चुलता बाबालाल
एका चैत्रात कंदिलाच्या आधी उतरला होता.
घरात तो विषय निघत नसे.
तिला अब्बांनी सांगितला असणार,
त्या गाठींच्या मधे कधीतरी.
प्रबंधाची एक प्रत तिनं आणून दिली,
मरून पुठ्ठा, सोनेरी अक्षरं
(तेव्हाच मला अक्षरांचा नाद लागला असेल).
इंग्रजी. माझ्या मास्तरांनी वाचून दाखवलं,
पान एकोणचाळीस, तळटीप :
एक मृत्यू, १९७१. आधार : स्थानिक माहिती.

स्थानिक माहिती तेव्हा ओट्यावर बसून
बिडीचं टोक नखानं विझवत होती.
"आलं का आपलं?" एवढंच विचारलं.
"आलंय," मास्तर म्हणाले.

पुढं मोठ्या पुरात पेवं गेली.
प्रतीचा लगदा झाला, पुठ्ठा तेवढा राहिला,
त्यावर मी बरीच वर्षं रंग कालवले.
अब्बा त्याआधीच गेले होते.
यादीत लिहिलंय,
सध्या : निवृत्त, नागपूर.

नाव पुरं केलं. ना, ळे, मग वर्ष.
डॉ च्या पुढचं टिंब राहिलं होतं.
पांढऱ्याचा डबा बाजूला सरकवला
आणि पिवळा उघडला.
टिंबाला दर नाही.

शिंगटे दोनदा मोजून गेले,
एकशे ब्याण्णव अक्षरं,
एक चुकीचं त्यांनी वजा केलं, ते बरोबर होतं, मी वाद घातला नाही.
शेवटी हातभर जागा कोरी ठेवायला सांगितली,
पुढच्यांसाठी.

शिपाई खिळे घेऊन आला,
दाराशेजारी, छातीएवढ्या उंचीवर खूण केली त्यानं,
वाचायला सोयीची.
मी त्याला भिंतीवरची मातकट रेघ दाखवली,
जी तीनदा चुना देऊनही पुन्हा उमटते.
"याच्या वर घे," म्हटलं.
"एवढ्या वर कोण वाचणार?" तो म्हणाला,
आणि शिडी आणायला गेला.