आंबट मणी

मी माळकरी.
रविवारी अंगणातल्या विटांच्या चुलीवर
ह्यांचं पातेलं वेगळं, पळी वेगळी, घासणीसुद्धा वेगळी.
मटण हे स्वतःच रांधतात.
चटण्या मात्र माझ्या.
एकतीस वर्षं झाली,
ज्याला कधी तोंड लावलं नाही
त्याच्या तोंडी लावायला मी वाटते आहे.

जिरं किती, मिरची किती, विचारणार कोणाला?
ह्यांच्या चेहऱ्याकडे बघून शिकले.
डावी भुवई वर गेली की मीठ जास्त.
कानामागे घाम आला की पुढच्या खेपेला दोन मिरच्या कमी.
काही न बोलता दुसरी भाकरी मोडली
की जमलं.

एकदा भद्रकालीत, युनूसभाईंच्या दुकानाबाहेर
पिशवी धरून, अर्धी पाठ फिरवून उभी होते.
लाजत लाजत विचारलं,
भाऊ, चव कशी असते हो याची?
सत्तूर थांबला. गिऱ्हाईक हसलं.
युनूसभाई नाही हसले.
म्हणाले, बोकडाचं सोडा, ताई.
कोवळ्या मेंढीचं असेल ना,
तर सगळ्यात शेवटी, गिळून झाल्यावर,
गवत लागतं.

गवत!
मग सोपंच झालं.
गवताच्या शेजारी काय उगवतं ते मला ठाऊक आहे,
मखमलाबादला पाटाच्या कडेला वाढले मी.
पुदिना, धुतला तरी पाटाचा वास न सोडणारा.
कोथिंबिरीचे देठ, पानं नव्हेत.
खुरासणी, खरपूस भाजून, कुटताना अर्धवट सोडलेली.

आणि मार्गशीर्षात
पुंजारामच्या बागेत विरळणी चालते तेव्हा
बाया घडातले दाटीचे मणी कात्रीने खुडतात,
वेलीखाली हिरवा सडा पडतो,
वाटाण्याएवढे मणी, आंबट असे की कान हलतात.
कोणी उचलत नाही.
भाऊ म्हणतो, बहीण माझी कचरा वेचायला येते.
मी ओटीत भरून आणते,
तीन पाण्यांनी धुते, औषधाचा वास जाईपर्यंत,
पाट्यावर नुसते ठेचते. वाटायचे नाहीत.
मीठ, बोटाच्या पेराएवढा गूळ,
तव्यावर डाग पडलेली मिरची.
पहिल्यांदा वाढली तेव्हा
हे भरल्या हाताने उठले
आणि साळव्यांना फोन लावला.

थिओफिल साळवे, शरणपूर रोडचे,
सातपूरच्या कारखान्यात ह्यांच्याच शिफ्टला.
नाताळच्या सुट्टीत आले ते बाटली घेऊन,
पुदिना, साखर, शिर्का.
आमच्याकडे कोकरासोबत हीच, म्हणाले, आईची.
दोन वाट्या शेजारी शेजारी मांडल्या.
दोघं बुडवत राहिले, एकदा हिच्यात, एकदा तिच्यात,
कबड्डीच्या पंचांसारखे गंभीर.
निकाल काही लागला नाही.
जाताना त्यांच्या रिकाम्या बाटलीत
मी माझी चटणी भरून दिली.
बाटली त्यांचीच,
त्यामुळे परत मागताही येत नाही.

या वर्षी ह्यांच्या छातीत दोन स्टेंट.
डॉक्टरांनी मटण बंद केलं.
अंगणातली चूल गार पडली,
त्या पातेल्यात मोगरा लावू का विचारलं
तर दिवसभर बोलले नाहीत.

काल रविवार.
बाजरीची भाकरी आणि मण्यांची चटणी.
एकतीस वर्षांत पहिल्यांदा
एका वाटीत दोघांची बोटं.
ह्यांनी घास घेतला, थांबले,
म्हणाले, अर्धीच लागते गं.

मी चाखली. परत चाखली.
मला तर पुरी लागत होती.
पहिल्यापासून पुरीच लागत आली आहे,
पण हे आत्ता, ह्यांच्या या तोंडासमोर,
कसं सांगायचं?
भाकरीचा तुकडा वाटीच्या कडेने फिरवत राहिले.

तुला काय लागतं, ह्यांनीच विचारलं.

मी म्हटलं, गवत.

हसले नाहीत.
वाटी माझ्याकडे सरकवली,
मग निम्मी परत ओढून घेतली.