चेंडूची होडी

क्लबचा इतिहास लिहून द्या म्हणाले, दोन पानांत,
नव्वदाव्या वर्षाच्या पुस्तिकेसाठी.
दोन पानं पुष्कळ झाली. चषक एकच आहे,
आणि तोही वादळाने दिलेला:
अंतिम सामन्याला वेस्तुरदालचा संघ पोचलाच नाही.
आमचे अकरा जण तासभर समुद्राकडे बघत उभे राहिले,
मग पंचाने शिट्टी फुंकली
आणि हानुसने रिकाम्या गोलात चेंडू मारला, रीतसर.
वहीत नोंद आहे. एक–शून्य.

तेव्हापासून वेस्तुरदाल आम्हाला पाण्यात पाहतं.
आम्ही चेंडूला पाण्यात पाहतो.

कारण मैदान म्हणजे काय,
तर डोंगर उतरता उतरता जरा टेकला, एवढंच.
उत्तरेला कडा, दक्षिणेला चर्च,
पूर्वेला विधवा सुन्नवाचे बटाट्याचे वाफे
(तिथे गेलेला चेंडू रविवारीच परत मिळायचा),
आणि पश्चिमेला काही नाही.
थेट आइसलँडपर्यंत काही नाही.
म्हणून पहिल्या दिवसापासून फेरो बेटांवरच्या या क्लबात
खेळाडू अकरा, चेंडू एक, होडी एक.

चेंडू अ‍ॅबर्डीनहून आला, कातड्याचा, वादीने बांधलेला.
बदल्यात सुक्या माशांची दोन पोती गेली.
भिजला की तान्ह्या पोराएवढं वजन व्हायचं त्याचं.
होडीत बसायचा सामल, माझा मामा.
एक पाय आखूड, म्हणून संघात नाही;
खांदे मात्र दोन माणसांचे.
खिशात त्याची वेगळी वही:
चेंडू गेले किती, आणले किती.
गोल कुणी केला, याची त्यात एक ओळ नाही.

युद्धाच्या दुसऱ्या वसंतात
मासे घेऊन स्कॉटलंडला निघालेली बोट परतली नाही.
त्यात आमचा गोलकीपर बार्दुर
आणि पौलीची दोन मुलं,
ज्यांना आई सोडून सगळा गाव
एकमेकांच्या नावाने हाक मारायचा.
पुढचा सामना वेस्तुरदालशीच होता.
आम्ही आठ जण उतरलो.
त्यांनी आमच्याकडे पाहिलं,
आणि त्यांचे तीन जण काही न बोलता
भिंतीवर जाऊन बसले.

दुसऱ्या डावात चेंडू समुद्रात गेला.
मामाने वल्ही मारली, चेंडूपाशी पोचला,
चेंडू उचलला,
आणि पुढे जात राहिला.
काठावर सोळा खेळाडू. कुणी हाक मारली नाही.
अंधार पडला तेव्हा होडी परत आली.
चेंडू पंचाच्या हातात देऊन तो घरी गेला.
क्लबच्या वहीत त्या सामन्यापुढे जागा कोरी आहे.
चिटणीस बदलले, शाई बदलली, जागा कोरी आहे.

बाकीचं पुस्तिकेत येईलच:
मुलींचा संघ, ज्याने मुलांना चार गोलांनी हरवलं
आणि कपडे बदलायची खोली मिळवली;
हिरवं प्लास्टिकचं गवत;
कोपनहेगनला शिकायला गेलेले, तिथलेच झालेले;
आणि आता वेस्तुरदालबरोबर केलेला एकच संघ,
कारण दोन्ही गावांत मिळून पोरं तेरा.
गोलात रेनातो उभा राहतो.
त्याची आई फिलिपिन्सहून आली, मासळीच्या कारखान्यात आहे.
तो मला होडीतली आजी म्हणतो,
कारण मामानंतर एकोणतीस वर्षं वल्ही माझ्याकडे आहेत.

गेल्या शरदात पश्चिमेला जाळी लावली, उंच, नगरपालिकेच्या पैशाने.
चेंडू येत नाही.
मी तरी सामन्याच्या दिवशी होडी काढते.
गुडघ्यावर घोंगडी, थर्मासमध्ये कॉफी,
जाळीपलीकडून नुसते आवाज.

परवा, सामना संपायला दोन मिनिटं असताना,
रेनातोची किक जाळीच्या वरून आली.
मुद्दाम मारली असं मी म्हणणार नाही.
तो म्हणतो, वारा होता.

वारा नव्हता.

मामाच्या वहीत लिहिलं:
गेला एक, आणला एक.