वेशीवरचा पहारा

गंगावेशीत आता वेस नाही.
कट्टा आहे, म्हशी आहेत,
ग्लासात थेट धार घेऊन
ओठांवर फेसाची मिशी मिरवणारी माणसं आहेत.
वेस फक्त नावात उरलीय.
मी रोज तिच्यातून जाते,
खांद्याला निळी पेटी, पेटीत बर्फ.
कुणी अडवत नाही.

बावीस वर्षं दंडात सुई टोचतेय.
समोरच्याला आस्मान दाखवणारी तालमीतली पोरं
माझ्यापुढं डोळे गच्च मिटतात.
शंभर किलोचा विक्रांत मेंगाणे
तर कापूस बघूनच खाली बसला होता.

हिंदुराव वस्तादांनी विचारलं,
"ही लस करती काय नेमकं?"
म्हटलं, रक्तात पहारेकरी नेमते.
आतल्या चौकात, तिजोरीपाशी.
"आणि दारात?"
मी हसले.
उत्तर माहीत नव्हतं असं नाही,
पण रांग मोठी होती.

मग मला सर्दी झाली.
सर्दीच फक्त. दोन शिंका, कणकण, आल्याचा चहा.
माझे पहारेकरी आत जागे होते,
छातीला ओरखडा नाही.
नाकात मात्र जत्रा भरलेली,
आणि मी वस्तादांचं बीपी बघायला गेले.
मास्क हनुवटीवर.
बोलायचं असतं ना.

वस्ताद वाचले. हे आधीच सांगते,
नाहीतर वाटेल, रडवायला बसलेय.
अकरा दिवस नळी, ऐंशीला टेकलेलं वय.
सुया घेतल्या होत्या म्हणून घरी आले,
असं डॉक्टर म्हणाले.
आवाज बसला. शड्डू शाबूत.
"कुणाकडनं आलं, देव जाणे,"
म्हणत त्यांनी गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवला.
मी तो चघळला नाही. गिळला.

आता नाकातून द्यायची लस आलीय.
ती म्हणे वेशीवरच पहारा बसवते,
नाकातल्या त्या ओल्या अस्तरात,
हौद्यातल्या ताक-हळद मुरलेल्या मातीसारख्या,
पाहुणा उतरला की तिथंच पकड.
ट्रेनिंगमध्ये मी हात वर केला:
सर, म्हणजे एकाकडून दुसऱ्याकडं जाणं थांबतं?
पाटोळे सरांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.
"प्राण्यांत बरं दिसलंय.
माणसांत अजून पक्कं म्हणता येत नाही, बाई.
तसं सुईनंही थोडं कमी होतं. काही दिवस."

थोडं. काही दिवस.
वहीत लिहिलं, खाली रेघ ओढली,
रेघ वाकडी आली.

काल पुन्हा नाक वाहत होतं.
वस्तादांच्या उंबऱ्याबाहेर थांबले.
"आत ये की गं."
नको, सर्दी आहे.
त्यांनी काही विचारलं नाही,
खिडकीच्या गजांतून दंड बाहेर काढला,
अजून पीळ असलेला.
मी पट्टा गुंडाळला, तोंड वळवून फुगा दाबत राहिले.

एकशे चाळीस, नव्वद.
मीठ कमी करा, म्हटलं.
बाकीचं
अजून सांगायचंय.